आत्याने पुरवलेला पुरावा

आत्याला मी माफ केलेलं नाही. "आता सोडून दे गं," असं आई अधूनमधून म्हणते. मी सोडत नाही. राग मी छान जपून ठेवलाय.

सोळाव्या वर्षी मी अंथरुणातून उठेनाशी झाले. बाबांची बदली होऊन आम्ही चेन्नईत, अंबत्तूरला आलो होतो, आत्याच्याच बिल्डिंगमध्ये, तिच्या वरच्या मजल्यावर. वर्गात कोणी हसलं की ते माझ्या तमिळला हसले, कोणी बोललं नाही की त्यांना माझा कंटाळा आलाय. बाहेर काहीही घडो, माझ्या डोक्यात निकाल ठरलेला असायचा आणि तो माझ्याच विरुद्ध. आंघोळ नको, जेवण नको, शाळा तर नकोच. आत्या दारात उभी राहून म्हणायची, "आमच्या वेळी असली थेरं नव्हती."

त्या दिवसांत फक्त एक जण यायची. तळमजल्यावरची, माझ्याच वर्गातली तमिळ मुलगी. कशाला आलीस विचारलं की म्हणायची, "सुम्मा." म्हणजे उगाच, सहज. पलंगाच्या कडेला बसून मुरुक्कू खायची, चादरीवर चुरा सांडायची आणि फिजिक्सची गणितं सोडवायची. मला काही विचारायची नाही. ती येणार म्हणून मी संध्याकाळी केस तरी विंचरायचे.

मग ती यायची थांबली. मी फोन केला नाही. विचारायचं काय? कारण मला ठाऊकच होतं. थोड्याच दिवसांत त्यांनी घरही बदललं.

पुढे आई मला समुपदेशक बाईंकडे न्यायला लागली. मी काही वाईटसाईट बोलले की त्या शांतपणे विचारायच्या, याला पुरावा काय? बहुतेक वेळा माझ्याकडे नसायचा. पण 'मी कुणालाच नकोय' याला होता. ती येत होती, आता येत नाही. बारावी हुकली. औषधं आणि आई यांच्या जोरावर मी कशीबशी बाहेर आले.

गेल्या वर्षी सिरुसेरीला, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ती अचानक समोर आली. आधी दोघीही अवघडलो. मग ती म्हणाली, "तुझी अत्तै आमच्या अम्माकडे आली होती. डॉक्टरांनी कुणाला भेटू देऊ नका म्हणून सांगितलंय, म्हणाली. मी आले की तुला जास्त त्रास होतो म्हणे." तोवर आम्ही डॉक्टरांचं तोंडही पाहिलं नव्हतं. मी जेवण तसंच टाकून उठले. तो पुरावा आत्याने घरबसल्या तयार केला होता, आणि मी त्यावर वर्षानुवर्षं विश्वास ठेवला होता.

मी घाई केली नाही. जानेवारीत आत्याकडे हळदीकुंकू असतं, ओळखीच्या सगळ्या मराठी बायका येतात. गोड बोलायचा सण. मी मैत्रिणीला सोबत नेलं. "ही कोण गं?" आत्याने कौतुकाने विचारलं. "हीच ती, जिला तू माझ्याकडे येऊ दिलं नाहीस," मी म्हटलं, आणि आवाज न चढवता सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. बायकांचे चमचे थांबले. आत्याचा चेहरा उतरत गेला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

"तुझ्याच भल्यासाठी केलं," आत्या म्हणाली. "बोभाटा झाला असता तर पुढे लग्नाला अडचण आली असती. आणि एवढं काय झालं? कीव येऊन येत होती बिचारी, ती यायची थांबली."

मैत्रिणीला मराठी येत नाही. मी तिला शब्दन् शब्द सांगितला. तिने डिश खाली ठेवली आणि आत्याकडे बघत तमिळमध्ये म्हणाली, "कीव नव्हती. त्या वर्षी मलाही दुसरं कोणी नव्हतं. घरी एकटी रडत बसायचे, म्हणून वर जायचे. तुम्ही ते बंद केल्यावर मी कुठे जायचं होतं?"

आत्याचं अर्धं आयुष्य चेन्नईत गेलंय. हे मला तिला मराठीत सांगावं लागलं नाही.