सगुणामावशीचा फ्लेक्स

आमच्या चर्चच्या गेटवर आज सगुणामावशीचा फ्लेक्स लागलाय.

मला तो फाडावासा वाटतोय.

मावशीला जाऊन वर्ष झालं. फ्लेक्सवर तिला 'मंडळीचा आधारस्तंभ' केलंय. खाली कमिटीतल्या सगळ्या पुरुषांचे हात जोडलेले फोटो. सेक्रेटरींचा चेहरा मावशीच्या चेहऱ्यापेक्षा मोठा.

तिचा फोटोसुद्धा नाताळच्या ग्रुप फोटोतून क्रॉप केलेला. खांद्यावर कुणाचं तरी कोपर तसंच राहिलंय. तिचा एकटीचा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

मावशी पिंपळीला आमच्या घरामागे राहायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. आठवडाभर दुसऱ्यांच्या उसात खुरपायला जायची.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि छोट्या ग्लासातून द्राक्षाचा रस. तो रस मावशी करायची. सीझनला इंदापूरकडची द्राक्षं, एरवी मनुका उकळून. भाकरी तीच भाजायची, ग्लास तीच धुवायची, टेबल मांडून वर पांढरं कापड तीच टाकायची.

मग मागच्या रांगेत जाऊन बसायची.

ग्लासांचा ट्रे फिरवायचा मान पुरुषांचा. मागच्या रांगेपर्यंत येईस्तोवर तो बऱ्याचदा रिकामा झालेला असायचा.

"ऱ्हाऊ दे गं, करताना चव घेतलीया म्या," म्हणून ती हसायची. मला कधी हसू आलं नाही.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. पोटात पाणी झालं होतं. दवाखाने झाले, उपयोग नव्हता.

आमच्याकडे दर रविवारी पाळकसाहेब आजाऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना करतात. मावशीला शेवटी तेवढंच हवं होतं.

"शीला, माजं बी नाव घ्याया सांग की पाळकास्नी. लई न्हाय, एकडाव."

मी सेक्रेटरींना सांगितलं.

"कोण सगुणाबाई?"

"रस करतात त्या."

"अच्छा, त्या व्हय! सांगतो, सांगतो."

त्या रविवारी प्रार्थना सेक्रेटरींच्या गुडघ्यासाठी झाली. कुणाच्या तरी मुलाच्या कॅनडाच्या व्हिसासाठी झाली. व्हिसा फारच सीरियस असावा.

मी परत सांगितलं. पुढच्या रविवारीही तेच.

मग पहिला रविवार आला. आदल्या दिवशी सेक्रेटरींना मेसेज टाकला, 'मावशींना उठवत नाही, रसाचं तुम्ही बघा.' निळी टिक आली. सकाळी पाळकसाहेबांनाच गाठून मावशीचं नाव सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

म्हणून मी मावशीला फोन लावला आणि तो तसाच चालू ठेवला. ती घरी उशाला फोन ठेवून ऐकत होती.

आजाऱ्यांची प्रार्थना झाली. तिचं नाव नाही.

मग प्रभुभोजन. त्या दिवशी टेबल कमिटीनं मांडलं होतं. कपाटातले ट्रे काढले, वर कापड टाकलं, झालं काम. रस कुठून येतो हा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत कधी पडलाच नव्हता.

पाळकसाहेबांनी डोळे मिटून हात वर केले. मग कापड उचललं.

खाली सगळे ग्लास कोरडे.

पाळकसाहेब माइकवर म्हणाले, "सगुणाबाई कुठं आहेत? आज रस का आणला नाही?"

अख्ख्या चर्चनं माना वळवून मागच्या रांगेकडे बघितलं. पहिल्यांदाच.

मी उठले. "त्या आजारी आहेत. तीन रविवार सांगतेय मी."

"बसा ताई, शेवटी घेऊ त्यांच्यासाठी," सेक्रेटरी म्हणाले.

खजिनदार बाइक घेऊन गेले आणि जांभळं कोल्ड्रिंक आणि स्लाइस ब्रेड घेऊन आले. कोल्ड्रिंकचा फेस बसेपर्यंत आम्ही उभ्यानं गाणी म्हटली.

शेवटची प्रार्थना झाली. त्यात खजिनदारांनी केलेल्या धावपळीबद्दल देवाचे आभार मानले. नाव घेऊन मानले. आमेन, आणि सगळे जेवायला घरी.

मी मावशीकडे गेले. उशाशी बसले. तीच बोलली.

"आलं की गं माजं नाव. माइकवरनं आलं."

मग भिंतीकडं तोंड केलं. "द्राक्षं मागवून ठिवली हुती म्या, हितं खाटंखाली हायती. मला उठवाया पायजे हुतंस तू."

त्याच आठवड्यात ती गेली.

आज पाळकसाहेबांनी तिच्यावर अख्खा संदेश दिला. वाकलेल्या बाईला येशूनं भर सभास्थानात स्वतः हाक मारून जवळ बोलावलं, तो प्रसंग सांगितला. सांगताना मागच्या रांगेकडे एकदाही बघितलं नाही.

मग कापड उचललं. आज ग्लास भरलेले होते.

ट्रे मागच्या रांगेपर्यंत आला तेव्हा रिकामा होता. मी उठले, पुढे टेबलापाशी गेले, तिथला एक भरलेला ग्लास उचलला आणि मागच्या रांगेतल्या एका बाईच्या हातात दिला. चर्चमध्ये कुजबुज झाली. होऊ दे.

बाहेर आल्यावर सेक्रेटरींना विचारलं, "आबा, आज रस कुणी केला?"

"बायकांनी."

"कुठल्या बाईनं?"

"आसंल की कुणीतरी. तुमाला काय करायचंय?" म्हणाले आणि फ्लेक्सपाशी फोटो काढायला गेले.

मी जिला ग्लास दिला, तिनंच रस केला होता. लोणी देवकरला फॅक्टरीत पॅकिंगला आहे ती. शिफ्ट संपवून थेट चर्चमध्ये आली, भाकरी भाजली, रस केला, ग्लास धुतले. डोळे तारवटले होते तिचे.

टेबलाला हात लावल्याबद्दल कमिटीला माझ्याशी बोलायचंय म्हणे.

या. मी घरीच आहे. फक्त येताना तिचं नाव पाठ करून या.

लता.

मावशी, ते 'भावपूर्ण' वगैरे सगळं गेटवर छापलंय, तिकडं लक्ष देऊ नकोस. तू निवांत झोप. लताचं नाव ती जिवंत असताना माइकवरून घ्यायला लावते मी.