कापून नेलेलं पाऊल

कार्डिफजवळच्या किनाऱ्यावर, खडकात, ट्रायासिक काळातल्या अगदी सुरुवातीच्या डायनोसॉरांची पावलं उमटलेली आहेत. एक निवृत्त वेल्श फिटर रोज किटलीने त्यांत पाणी ओततो, म्हणजे ती येणाऱ्याजाणाऱ्याला नीट दिसतात. फोटोसाठी कुणी त्यांत बूट टेकवला की खेकसतो, "पाय काढा." माझ्यावरही दोनदा खेकसलाय.

त्या रविवारी एका पावलाच्या जागी करवतीने कापलेला चौकोनी खड्डा होता. त्याने सवयीने त्यातही पाणी ओतलं.

"कौन्सिलला फोन केला," तो म्हणाला. "विचारतात, कुणाला लागलंय का?"

मी कॅज्युअल्टीत डॉक्टर आहे, दिवसभर हाच प्रश्न विचारते. पण माझं डोकंच फिरलं.

"मग हो म्हणायचंत ना," मी त्याच्यावरच खेकसले.