तोंडातले तांदूळ

राइस मिलमध्ये काम करणाऱ्या बायांच्या गालात तांदूळ असतात, हे गोंदियात कोणाला सांगावं लागत नाही. सूप हलवताना, फाटक्या पोत्यातून सांडलेलं गोळा करताना चिमूटभर तोंडात जातात आणि मग दिवसभर दातांखाली कटकट चालू राहते. मीही खाल्ले. सतराव्या वर्षी झाडूवाली म्हणून लागले, तेव्हापासून पुढची आठ-दहा वर्षं खाल्ले. नंतर मुकादमीण झाले, अकरा बायांची टोळी माझ्या हाताखाली आली आणि केव्हातरी ती सवय गेली. मला वाटायचं, मी ती मनाच्या जोरावर सोडली. मला कोणी काही फुकट दिलेलं नाही, त्यामुळे माझ्यातलं जे काही बरं आहे ते मीच कमावलेलं, असं मी धरून चालते. या एका समजुतीपायी मी एका बाईशी फार वाईट वागले.

नवं शतक लागून तीन-चार वर्षं झाली असतील. टोळीतल्या निम्म्या बाया आमगावकडून सकाळच्या गाडीने यायच्या, दोघी-तिघी गोरेगावकडून एसटीने. पहाटे घरातल्या सगळ्यांचं करून, स्वतः नुसता कोरा चहा पिऊन निघायच्या. दुपारी डबा उघडायचा तो भिंतीच्या कडेला, कोंड्याच्या धुरळ्यात. डब्यात रात्रीचा भात आणि मिरचीची चटणी. पाणी तर त्या पीतच नसत, कारण मिलमध्ये बायांसाठी संडास नव्हता. तांदळाच्या डोंगरासमोर दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायांचं हे खाणंपिणं. मी सेठकडे दोन वर्षं मागत होते : बसून जेवायला एक शेड, एक नळ, एक संडास. तो म्हणायचा, "देखेंगे."

एक दिवस सेठ स्वतः निवडणीकडे आला आणि त्याच्या डोळ्यांसमोर गोरेगावकडच्या एका बाईने ओंजळभर तांदूळ तोंडात टाकले. चिमूट नाही, ओंजळ. त्याने मला बोलावलं.

"बाई, तुम्हारी औरतें दिनभर मेरा चावल चबाती हैं. पहले इनका मुँह बंद कराओ, फिर शेड की बात करना."

मी लगेच पकडलं. "मुँह बंद हुआ तो शेड कब?"

"दिवाली तक."

"पोळ्याच्या आधी. आणि नळ, संडास त्यातच."

तो हसला. "तू तो बनिये से भी आगे है." पण कबूल झाला. मी त्या दिवशी फार खुशीत घरी गेले. दोन वर्षं अडलेली गोष्ट एका वाक्यात सुटली होती, आणि माझ्या पदरचं काहीच गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी नियम केला. आत येताना चूळ भरायची, नाकातोंडाला फडकं बांधायचं. कोणी चघळताना दिसली तर त्या दिवशी घरी. तिसऱ्यांदा दिसली तर कायमची घरी.

टोळीतली सगळ्यात म्हातारी बाई फडकं हातात धरून म्हणाली, "ढोराले मुस्कं बांधतेत तसं बांधून रायली का वं आमाले?"

"मी सोडलं न? मले काही झालं का?"

"तुयं तू पाह्य. तू मुकादमीण होय."

बाकीच्या कुरकुरत वळणावर आल्या, किंवा माझ्यापासून लपवायला शिकल्या. गोरेगावकडच्या त्या बाईला मात्र ते जमेना. ती सडपातळ, अबोल. घरी दोन लहान मुली, नवरा दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणीच्या मजुरीला जाणारा. तिचं काम चोख होतं. तिच्या सुपातून एक खडा सुटत नसे. पण आठ दिवसांत ती तीनदा सापडली. तिसऱ्या वेळी माझं डोकं सणकलं. शेडचे खांब कालच येऊन पडले होते आणि हिच्या एका तोंडापायी सेठ ते परत पाठवील, एवढंच मला दिसत होतं. मी तिचा जबडा धरला आणि सगळ्यांसमोर तिला फरशीवर थुंकायला लावलं. पांढरा, ओला घास पडला.

"चोट्टी," मी म्हणाले.

ती म्हणाली, "खाल्ल्याबिगर राहवत नाही बाई. काऊन ते मलेच समजत नाही."

"जिभेचे चोचले आहेत, दुसरं काय. नीघ."

ती गेली. पोळ्याच्या आधी शेड उभी राहिली. टिनाचं छप्पर, एक नळ, मागे संडास. बाया पहिल्यांदाच पाटासारख्या सपाट जागेवर बसून जेवल्या आणि पोटभर पाणी प्यायल्या. मी माझ्या सौद्याकडे पाहत राहिले.

महिनाभराने त्याच शेडमध्ये सरकारी दवाखान्याची एक सिस्टर तपासणीसाठी आली. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहायची, आणि प्रत्येकीला एक प्रश्न : "कच्चे तांदूळ, माती, पाटीवरची पेन्सिल, असं काही खावंसं वाटतं का?"

पहिल्या बाईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही."

दुसरी म्हणाली, "नाही." तिसरी, चौथी, सगळ्या नाही. मी जवळच उभी होते आणि मनात म्हणत होते, बघा माझी शिस्त.

सिस्टरने पेन खाली ठेवलं. "रक्त तर सगळ्यांचंच कमी आहे. आणि एकीलाही तसं होत नाही?"

म्हातारी फिस्सकन हसली. "सिस्टर, हे मुकादमीण उभी हाये न इथं. हो म्हणलं तं घरी पाठवते. एकीले देली पाठवून."

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश सांगितलं की रक्त फार कमी झालं की काही बायांना असं काहीतरी चावत राहावंसं वाटतं. ते चोचले नसतात, दुखणं असतं. रक्त वाढलं की ती ओढ आपोआप जाते.

मी म्हणाले, "मी तर अशीच सोडली."

तिने माझ्याही बोटाला सुई टोचली. माझं रक्त सगळ्यांत चांगलं निघालं. "तुम्ही जेवता काय?"

मी सांगू लागले. मुकादमीण झाल्यावर घरी ताजं रांधायला वेळ मिळू लागला. अंबाडीची, चवळीची भाजी, लाखोरीची डाळ, घरच्या कोंबड्यांची अंडी, बाजाराच्या दिवशी मासोळी. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला. मनाच्या जोराचा त्यात कुठेच भाग नव्हता. मी फक्त जेवू लागले होते. आणि इतकी वर्षं मी त्या जेवणाचा तोरा उपाशी बायांना दाखवत होते.

"ती घरी पाठवलेली बाई कशी होती?" सिस्टरने विचारलं.

मी सांगितलं, ओंजळीने खायची. जिना चढताना थांबायची. सिस्टरने चिठ्ठी लिहून दिली. "हिला लवकर आणा. उशीर करू नका."

रविवारी मी गोरेगावला उतरून तिच्या गावापर्यंत चालत गेले. ती दारात बसली होती. पाय सुजलेले, ओठ राखेच्या रंगाचे. मला पाहून उठली नाही.

"काऊन आली?"

"सिस्टरनं चिठ्ठी देली. दवाखान्यात चाल."

"चोट्टीले कायले दवाखान्यात नेतेस?"

मला ताव आला. "घरदार सोडून इतक्या दूर आली मी, त्याचं काही नाही?"

"मंग पाया पडू का तुया?"

आतून तिची सासू म्हणाली, "जाय न वं माय, बाई आली तं."

सासूकडे तिने लक्ष दिलं नाही, दम घ्यायला थांबली. मग म्हणाली, "सगळ्याईसमोर थुकवलंस. आता सगळ्याईसमोर म्हण, का हे चोट्टी नोहोती. मंग येतो मी दवाखान्यात."

"इथं म्हणतो. तुया सासूसमोर."

"मिलमंदी."

"दवाखान्यातून आल्यावर."

"अगोदर."

सेठला मी दिवाळीवरून पोळ्यावर आणलं होतं. हिला मी एक बोटभरही हलवू शकले नाही. "मर मग," असं म्हणून मी निघाले. हो, तसंच म्हणाले. आता ते गाळून लिहिण्यात अर्थ नाही.

गोरेगावच्या स्टँडवर गोंदियाची गाडी लागली. मी चढले नाही. चार शब्द बोलायला तिला दोनदा थांबावं लागत होतं, तेवढ्या श्वासातही ती सौदा करत होती. तिच्याकडे डावावर लावायला जीव होता. माझ्याकडे काय होतं? अकरा बायांपुढचा तोरा. आयुष्यभर भाव करून मला एवढं तरी कळतं की अशा माणसाशी घासाघीस करायची नसते. मी परत चालत गेले आणि म्हणाले, "उद्या सकाळी. फाटकापाशी."

सोमवारी नवऱ्याने तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून स्टँडपर्यंत आणलं, पुढे एसटीने. कामाच्या आधी बाया फाटकाशी जमल्या होत्या. मी म्हणाले, "हे बाई चोट्टी नाही. हिच्या अंगात रक्त नाही, म्हणून खात होती. मले माहीत नोहोतं."

म्हातारी म्हणाली, "अन् थुकवलं ते?"

"ते बी चुकलं."

"मांगच्याईले आयकू नाही आलं."

मी ओरडून म्हणाले, "चुकलं!" दोघी-तिघी हसल्या. ती हसली नाही. तिने मान हलवली आणि म्हणाली, "चाल आता."

तिला भरती केलं, रक्त चढवलं. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर अवघड होतं. मी रोज डबा नेला, डाळ आणि उकडलेली अंडी. ती खायची, माझ्याशी बोलायची नाही. घरी गेल्यावर रक्तवाढीच्या गोळ्या चहाबरोबर घेत होती, चहाने त्या अंगी लागत नाहीत म्हणून सिस्टर तिच्यावर रागावली, मग लिंबूपाण्याबरोबर घेऊ लागली. मिलमध्ये मी चूळ भरायचा आणि घरी पाठवायचा नियम काढून टाकला. धुरळ्यासाठी फडकं राहू दिलं. सेठ कुरकुरला तेव्हा त्याच्याकडून दहाच्या सुमारास प्रत्येकीला मूठभर फुटाणे आणि गूळ सुरू करून घेतले. तो अधूनमधून बंद करायचा, मी भांडून पुन्हा सुरू करायचे.

धानाचा हंगाम लागला तशी ती कामाला आली. पण रस्त्यापलीकडच्या मिलमध्ये, दुसऱ्या मुकादमिणीच्या हाताखाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सगळ्यांसमोर नाक खाली केलं, डबे वाहिले, आणि हिने असं करावं? मी म्हातारीपुढे बडबड केली.

ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "तू तं दवाखान्याचंच बोलली होती न वं. कामाचं कुठं बोलली?"

खरं होतं. सेठपुढे मी नळ विसरले नव्हते, संडास विसरले नव्हते. हिच्यापुढे परत येण्याची अट घालायचीच राहून गेली. तिने जेवढं कबूल केलं तेवढं केलं. राग माझा अजून गेलेला नाही, आणि तो कोणावर धरावा हे मला नीट ठरवता येत नाही. सकाळी ती समोरून येते, माझ्याकडे न पाहता पुढे जाते. त्यांच्या मिलच्या फाटकाआधी चढण आहे. ती चढण ती न थांबता, बोलत बोलत चढते. मी आमच्या फाटकात उभी राहून ती वर पोचेपर्यंत पाहते आणि मग आत जाते.