धुरपताआज्जी रगत तपासून घेते

आमच्या लोहाऱ्यात धुरपताआज्जीला प्रश्न पडला की गल्ली दारं लावून घेते. खरंच! एसटीच्या ड्रायव्हरला गाडी थांबवून "एवढी मोठी गाडी म्हागं घेताना तुला शेपूट कुठंय ते कसं कळतं रं?" असं विचारलेली बाई आहे ती. वय पासष्टच्या पुढं, शाळा न्हाय, पण विचारणं काही थांबत न्हाय.

एकच गोष्ट तिनं कधी कुणाला विचारली नव्हती. जीप चालवणारा मल्लिनाथदादा तिचा एकुलता पोरगा. त्याच्या आधीची तीन पोटातच गेली. हिच्याच कुशीत खोट आहे म्हणत सासू दर खेपंला तिला सोनारीला भैरवनाथापुढं नाक घासायला न्यायची. आज्जीनं ते खरं धरलं आणि गप बसली.

मग नात झाली, राजनंदिनी. लई गोड आहे, हसली की डोळेच गायब! तिला डाऊन सिंड्रोम आहे. आज्जीनं लगेच सुनेला धरलं. "ग्रहणात वाळूक चिरलंस, दुसरं काय!" दोन वर्षं हेच. मला इतका राग यायचा, पण वर्षाराणीवहिनी नुसतं ऐकून घ्यायची.

आता त्यांना दुसरं लेकरू पाहिजे होतं, तर उमरग्याच्या डॉक्टरीणबाईंनी आधी नंदिनीचं रक्त पुण्याला पाठवलं, मग आईबापाचं मागितलं. दादा बिथरलाच. "माझं कशाला? बाळंत काय म्या झालतो?"

वहिनी म्हणाली, "सुईचं भ्या वाटतंय तर तसं सांगा की."

झालं, दिलं रक्त. आणि रिपोर्टमधे वहिनीचं सगळं नीट, निघालं ते दादाचंच!

मी शेजारची, सायन्सला शिकणारी पोरगी, म्हणून आज्जी मलाबी ओढत दवाखान्यात घेऊन गेली. बाई सांगत होत्या, "मल्लिनाथचं एक गुणसूत्र दुसऱ्याला चिकटलंय. माल तेवढाच आहे, म्हणून त्यांना त्रास नाही. पण बाळाला देताना वाटणी चुकू शकते. कधी जास्त जातं, तेच नंदिनीचं झालं. कधी गर्भ टिकतच नाही."

"म्हंजी कडब्याच्या दोन पेंड्या एकात बांधल्यागत?"

"अगदी तसंच."

"आन् ग्रहण?"

"ग्रहणाचा काही संबंध नाही, आज्जी."

आज्जी एकदम म्हणाली, "माझी तीन गेली, ती बी ह्याच्यानंच का?"

"असू शकतं."

"मग माझं बी रगत घ्या."

"आता या वयात उपचाराला त्याची गरज नाही."

"उपचार कोण मागतंय? मला कळायला पायजे!"

मला तिथंच रडू आलं. दादा म्हणाला, "आई, आता कशाला?" तर आज्जीनं त्याच्याकडं बघितलंबी न्हाय. बाही वर सारून बसली.

रिपोर्ट यायला लई दिवस लागले. रोज मला विचारायची, आलं का गं, आलं का. शेवटी बाईंनी सगळ्यांना बोलावलं.

"आज्जी, तुमचं अगदी नॉर्मल आहे. म्हणजे बहुतेक मल्लिनाथच्या वडिलांकडून आलं असावं. ते आता नाहीत, त्यामुळं खात्रीनं नाही सांगता येणार."

"त्यास्नी तरी ठावं होतं का?"

"कसं असेल? कुणालाच कळलं नसतं."

आज्जी हसली की काय केलं तिनं, मला अजून सांगता येत न्हाय. म्हणाली, "मग आता भांडू कुणासंगं?"

वहिनी नंदिनीचं तोंड पुसत होती. वर न बघताच बोलली, "माझ्यासंगं भांडलात की आत्या. दोन वर्षं."

दादा खालीच बघत होता.

"व्हय," आज्जी म्हणाली. "भांडले. माझ्या सासूवानीच भांडले."

मग स्टूल ओढून टेबलाला चिकटून बसली. "बाई, हिच्या म्होरल्या लेकराच्या येळंला काय करायचं, कधी तपासायचं, ते सगळं सांगा. घाई करू नका. न्हाय कळलं तर म्या परत इचारणार हाय."