पहाटेची पेंढी

यंदा पुनरुत्थानाच्या रविवारची, म्हणजे ईस्टरची, पहाटेची उपासना दफनभूमीत न घेता सकाळी नऊ वाजता सभागृहात घ्यायची, असे आमच्या मंडळीच्या पंचांनी ठरवले. सगळ्यांनी हात वर केले. मी केला नाही.

त्यांचे कारण खरे होते, ते आधी सांगतो. आमची दफनभूमी कळंबच्या अलीकडे, नाशिक रस्ता सोडून आत आहे आणि तिला तीन बाजूंनी ऊस आहे. शेवटच्या ओळीतल्या कबरींपासून ऊस अठरा फुटांवर येतो. मी टेपने मोजून पाहिले. बिबट्याला आम्ही सगळे वाघच म्हणतो, आणि वाघ आमच्याकडे आता पाहुणा राहिलेला नाही. पाणी दिलेल्या वाफ्यात सकाळी त्याच्या पावलांचे ठसे असतात. काही गावांत बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून खुरपायला जातात. वनखात्याची माणसे गाडीवर भोंगा लावून सांगून गेली होती की चांगले उजाडल्याशिवाय शेतात जाऊ नका. आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, बाहेरून आलेले. ते म्हणाले, "एका जरी माणसाला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

तरीही मी हात वर केला नाही.

आमच्या घरात नवा गहू या रविवारच्या आधी कोणी खात नाही. पवित्र शास्त्रात यहुद्यांचे वसंतातले सण ओळीने येतात. आधी वल्हांडण, मिसरातल्या गुलामीतून सुटकेचा सण, त्या दिवशी कोकरू कापायचे. त्याला लागून बेखमीर भाकरीचे दिवस. आमची भाकरी बाराही महिने बिनखमिराचीच, त्यामुळे तो सण आमच्या बायकांना फार वेगळा वाटत नाही. मग त्या दिवसांतला शब्बाथ, म्हणजे शनिवार, उलटला, की दुसऱ्या दिवशी म्हणजे रविवारी, कापणीची पहिली पेंढी याजकाकडे न्यायची आणि त्याने ती देवासमोर ओवाळायची. ती ओवाळेपर्यंत नव्या पिकाची भाकरी नाही, हुरडा नाही, कोवळे कणीससुद्धा नाही. प्रभू वल्हांडणाच्या सणात वधस्तंभावर गेला आणि पेंढी ओवाळण्याच्या दिवशी उठला. तिथून पन्नास दिवसांनी गव्हाच्या कापणीचा सण, आणि त्या दिवशी पवित्र आत्मा उतरून मंडळी जन्माला आली. कोणी याला योगायोग म्हणत असेल तर म्हणो. मी आकडे ताडून पाहणारा माणूस आहे, आणि एवढ्या नेमकेपणाने जुळलेल्या दिवसांना मी योगायोग म्हणत नाही.

जे जुळत नाही तेही सांगतो. शास्त्रातली ती पेंढी जवाची असावी, असे जाणकार सांगतात. आमच्या भागात जव पेरतो कोण? आमचा गहू त्या रविवारच्या कितीतरी आधी कापून पोत्यांत पडलेला असतो, आणि पन्नास दिवसांनी आमच्या रानात नांगरटीच्या ढेकळांशिवाय काही नसते. म्हणजे त्यांचे हंगाम आणि आमचे हंगाम वेगळे. अर्थ मात्र आम्हाला कोणी फोड करून सांगावा लागत नाही. नवा कांदा निघाला की आम्ही शेजारी वानवळा पाठवतो. वानवळा घेणाऱ्याला माहीत असते की मागे वाफाभर कांदा आहे आणि तो असाच आहे. मंचरच्या बाजारात व्यापारी ढिगातले चार कांदे हातात घेतो आणि अख्ख्या ढिगाची बोली लावतो. वर एक माल आणि तळाला दुसरा निघाला तर भांडण होते. प्रेषिताने ख्रिस्ताला झोपी गेलेल्यांतले, म्हणजे मेलेल्यांतले, प्रथमफळ म्हटले, ते याच अर्थाने. जे पहिल्या पेंढीचे झाले तेच मागच्या पिकाचे व्हायला हवे. नाही झाले तर देवाने वानवळा एका शेतातला दिला आणि माल दुसऱ्याच शेतातला ठेवला, असे म्हणावे लागेल. हे मी पाळकसाहेबांच्या तोंडावर म्हटले आहे, आणि देवासमोरही म्हणायला माझी हरकत नाही.

आमच्या गव्हाची अशी एक पेंढी पहाटेच्या उपासनेला दरवर्षी माझी बायको न्यायची. कापणीचे यंत्र आले की ती विहिरीकडच्या कडेला उभी राहायची आणि दोन वाव, म्हणजे दोनदा हात पसरावे एवढा, पट्टा तसाच उभा ठेवायला लावायची. पुढचे दोन-तीन आठवडे तिथली पाखरे हाकलणे हे तिचे काम. शेजारचा शेतकरी, ज्याचा ऊस दफनभूमीला लागून आहे, तिला म्हणायचा, "वहिनी, पाखरांची पंगत उठली का न्हाई अजून?" ती म्हणायची, "तुमालाच वाढायचं राहिलंय, भाऊजी."

गेल्या पावसाळ्यात ती गेली. तिला पुरताना पाळकसाहेबांनी पुनरुत्थानाच्या आशेने माती मातीला सोपवली आणि सगळे आमेन म्हणाले. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. मी त्याला अविश्वास म्हणत नाही. पण ते आमेन माझ्याकडे राहून गेले होते. ते मला तिच्या कबरीपाशी, पहाटे, तिची पेंढी हातात घेऊन मोठ्याने म्हणायचे होते. सभागृहात पंख्याखाली खुर्चीत बसून ते म्हणायची माझी तयारी नव्हती.

मी पंचांना पुन्हा एकदा बसायला लावले. आई म्हणाली, "मी बी येते." तिचे गुडघे धरलेले असतात, म्हणून मी नको म्हणत होतो. ती ऐकेल तर आई कसली.

संध्याकाळची वेळ होती. आम्ही आत गेल्यावर पाळकसाहेबांनी सभागृहाच्या दाराला कडी घातली. खजिनदार माझ्याच वयाचे आहेत, आमची शाळा एक. त्यांनीच सुरुवात केली.

"भाऊ, श्रद्धा येगळी आन् येडेपणा येगळा."

"दोन्ही मला ओळखता येतात," मी म्हणालो.

"मंग ऐक ना. नऊला उपासना करू, दहाला समदे मिळून कबरीवर जाऊ, फुलं घालू. पाचला काय आन् दहाला काय, कबर तितंच ऱ्हाणार हाय."

"ती तिथंच राहणार असेल तर सण कशाचा करतोय आपण?"

मग पाळकसाहेब आईकडे वळले. "आजी, तुम्हीच समजवा यांना."

आई म्हणाली, "दाराला कडी कुनी घातली?"

"मीच घातली, आजी. दिवस वाईट आहेत."

"परभू उठला तवा बी असंच व्हतं. समदे बाप्ये दाराला कडी घालून बसले व्हते, भ्या वाटत व्हतं म्हून. बाया कबरीकडं गेल्या. धोंड कोन सरकवंल ते बी त्यांना ठावं न्हवतं, तरी गेल्या. मंग पैलं दर्शन कुनाला झालं, पाळकसायेब? कडीवाल्यांना का?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसले. खजिनदार म्हणाले, "आजी, तितं वाघ न्हवता."

"शिपाई व्हते की. वाघाला भाला तरी नसतो."

ठराव काही बदलला नाही. नऊची उपासना कायम राहिली. ज्यांना पहाटे जायचे त्यांनी आपापल्या जबाबदारीवर जावे आणि लहान मुलांना आणू नये, एवढे मात्र ठरले. मुलांची अट मी घालणारच होतो. मला कोणाच्या जिवावर सण करायचा नव्हता.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, उपासनेहून परतताना शेजारी बांधावर भेटला. तो देवळात जाणारा माणूस, चार पिढ्यांचा जमीनदार, आणि आमच्या सणांची खबर त्याला आमच्याआधी असते.

"काय राव, तुमचा देव यंदा नऊला उठनार म्हनं."

"देव उठलेला आहे. माणसांचं चाललंय."

"माझ्या उसापायी तुमचा सण बुडाला असं नको बाबा. कारखान्याची टोळी आली असती तर ह्यो ऊस कवाच गेला असता. मी काय करतो, ट्रॅक्टर आनतो. उसाकडं तोंड करून दिवे लावून हुबा ऱ्हातो."

"वाघ ट्रॅक्टरला भितो?"

"छ्या. परवा माझ्या ट्रॅक्टरम्होरनं गेला, वळून बी बघितलं न्हाई त्यानं. पर त्यो कुठनं येतोय त्ये तरी तुमाला दिसंल."

शनिवारी संध्याकाळी मी विहिरीकडचा पट्टा विळ्याने कापला. यंदा पाखरे हाकलायला कोणी नव्हते, निम्म्या ओंब्या रिकाम्या होत्या. भरलेल्या निवडून पेंढी बांधली. नेहमीपेक्षा बारीक झाली. मुलगी बंगळूरला असते, तिचा फोन आला. "बाबा, आजीला नेऊ नका हं." मी म्हटले, "मी कुठं नेतोय? आजी मला नेतेय."

पहाटे आम्ही दोघे निघालो तेव्हा मला वाटले होते, आम्ही दोघेच असू. रस्त्याच्या तोंडाशी मंडळीतल्या पाच बाया उभ्या होत्या, हातात स्टीलची ताटे आणि पळ्या. त्यांच्या मागे खजिनदार, हातात काठी. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "बायको निघाली. मी घरी बसून काय करू?" शेवटी पाळकसाहेब मोटारसायकलवरून आले, गाडी लावली, आणि डोक्यावरचे हेल्मेट काढलेच नाही. वाघ मानेला धरतो, असे त्यांनी ऐकले होते. त्यांना कोणी हसले नाही. भीती वाटत असूनही ते आले होते, आणि माझ्या हिशेबात आलेला माणूस आलेला असतो.

ताटे वाजवत आम्ही आत चाललो. ट्रॅक्टर आधीच येऊन उभा होता. शेजारी वरून ओरडला, "वरात आली म्हनायची." एका बाईने तिथूनच उत्तर दिले, "नवरदेव म्होरं गेलाय, भाऊ. आमी मागनं चाललोय." शास्त्रात ख्रिस्ताला मंडळीचा नवरदेव म्हटले आहे, तिला ते सहज सुचले. मी त्यावर पुढे कितीतरी दिवस विचार करत होतो.

माझ्या बायकोच्या कबरीवर अजून फरशी बसवलेली नाही. पावसाळ्यातली माती खाली बसून मध्ये खळगा पडला आहे. उजेड पिवळट, धुळकट. दिव्यांचा कुठला आणि आभाळाचा कुठला ते कळत नव्हते. पाळकसाहेबांनी रिकाम्या कबरीचा वृत्तांत वाचला. हेल्मेटमुळे आवाज आतल्या आत घुमत होता, पण शब्द कळत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पेंढी दोन्ही हातांत धरून पूर्वेकडे ओवाळली, जशी ती ओवाळायची, आणि म्हणालो, "पहिली पेंढी उठली आहे. आता हे पीक राहिलं आहे. ते पण उठव." नंतर मी आमेन म्हणालो. मोठ्याने म्हणालो. ट्रॅक्टरवरच्या माणसालाही ऐकू गेले असेल.

त्याच वेळी उसात काहीतरी हलले. वाळलेले पाचट चांगले सळसळले. रानडुक्कर असेल, कुत्रे असेल, तोही असेल. मला माहीत नाही, आणि जे पाहिले नाही ते पाहिले असे मी सांगणार नाही. आईने उसाकडे पाठ केली आणि गीताचे पहिले कडवे सुरू केले, नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत. बायांनी ताटांवर ठेका धरला. आम्ही चारही कडवी म्हटली. एकही गाळले नाही.

संपता संपता वनखात्याचा रक्षक गाडीवरून आला. कोणीतरी त्याला फोन केला असावा. पोरसवदा होता, रात्रभराच्या गस्तीने डोळे लाल.

"अवो, काय खूळ लागलं का तुमाला? काल हितंच ठसं सापडल्यात. आजी, तुमी तरी."

"बस जरा," आई म्हणाली. "तुजं बी लई हाल व्हत्यात बाबा."

तो बसला नाही. पण त्याचा आवाज उतरला. मातीवर ठेवलेल्या पेंढीकडे पाहून त्याने मला विचारले, "कुनाची हाय ही?"

"माझ्या बायकोची."

टोपी काढून त्याने घाम पुसला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "मंग भाऊ, दहाला यायचं ना निवांत, ऊन पडल्यावर. वहिनी काय कुठं जानार हायेत का?"

"जाणार आहे," मी म्हणालो. "उठून जाणार आहे. तेच सांगायला आलो होतो."

त्याने माझ्याकडे पाहिले आणि मग, हा माणूस दुःखाने भ्रमला असावा अशा समजुतीने, पाळकसाहेबांकडे. पाळकसाहेबांनी हेल्मेटची काच वर केली.

"हो," ते म्हणाले. "जाणार आहेत."