लाल गाडीचा तळ

रस्त्यात उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीच्या पत्र्यावर बोटाचं पेर वाजवून पाहणं. आवाज ऐकून मान हलवणं, कुणी काही विचारलेलं नसताना. चहा फुंकून फुंकून गार करणं आणि मग गार झाला म्हणून कुरकुरणं. भर उन्हाळ्यातही बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावणं, कारण ठिणग्यांचे डाग लेकीला आवडत नाहीत. बायकोशी फोनवर बोलताना भिंतीकडे तोंड करणं.

सोमनाथच्या या सवयी नाशिकच्या अंबड लिंक रोडवरच्या गॅरेजात सगळ्यांना पाठ आहेत. गॅरेज दत्तूमामाचं, म्हणजे त्याच्या सख्ख्या मामाचं. वडील गेले तेव्हा सोमनाथ दहावीत होता. मामानं त्याला इथं आणलं आणि हातात हातोडी दिली. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचा, सडलेला कापून नवा जोडायचा, हे डेंटरचं काम तो इथंच शिकला. पिंपळगावकडून द्राक्षांचे टेम्पो यायचे, कांद्याच्या पिकअप यायच्या. मामा गिऱ्हाइकांना सांगायचा, "माझा भाचा हाय तवर मला मरायलाबी फुरसत हाय." ते कौतुक होतं. दावंही तेच होतं.

जूनमध्ये त्याची बायको उज्वला कळवणच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाली. लहानग्या तेजलला तिनं सोबत नेलं. दसऱ्याला सोमनाथनं तिथं स्वतःचं दुकान उघडायचं, असं ठरलं. स्टँडजवळचा गाळा उज्वलानं बघून ठेवला होता. गाळेमालक मुहूर्त पाळणारा माणूस. म्हणाला, दसऱ्याला सकाळी नारळ फोडा आणि किल्ली घ्या. नाही आलात तर मोबाईलवाला थांबलाच आहे.

सोमनाथला फक्त हातातली गाडी पुरी करायची होती.

गाडी पिंपळगावच्या धोंडीरामशेठची. जुनी, विलायती, लालभडक. दोघांपुरती जागा, डोक्यावर छप्पर नाही. शेठनं ती हौसेनं मुंबईहून आणली आणि वाटेतच त्यांचा पाय तळातून आरपार गेला. वरून नवरी, खालून चाळणी. आधीच्या कुणीतरी सडक्या पत्र्यावर पत्रा ठोकून डांबर फासलं होतं.

सोमनाथनं टेम्पोचा कापतो तसा दोन्ही बाजूंचा तळ एका दमात कापून काढला. टेम्पोखाली जाड लोखंडी सांगाडा असतो. तळ काढला तरी टेम्पो हलत नाही. या गाडीला तसा सांगाडा नव्हता. तळ आणि दाराखालची पट्टी, एवढ्यावरच ती ताठ उभी होती. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप जोडून तिला बांधून घ्यायला हवं होतं. ते त्याच्या ध्यानातच आलं नाही. त्यानं नवा तळ सुबक बसवला, वेल्डिंग मारलं आणि दार लावायला गेला.

दार लागेना. गाडी मधोमध खचली होती. आणि खचलेलीच त्यानं पक्की करून टाकली होती.

मामानं वाकून पाहिलं. "दाराची कड घास. पुट्टी भर. रंग मार."

"दार लागेल मामा. गाडी वाकडीच राहील."

"शेठ काय खाली झोपून बघणार हाय?"

"खड्ड्यात गेली की दार उघडेल."

"मग नाशकात खड्डेच नाय असं समज."

कड घासली असती तर तो त्याच आठवड्यात मोकळा झाला असता. संध्याकाळी उज्वलाचा फोन आला.

"झालं का?"

"होत आलंय."

"गणपतीतही होत आलं होतं. अहो, एक सांगा. ती गाडी तुम्हाला सोडत नाही, की तुम्हीच तिला?"

"तेजलला दे फोन."

"ती खेळायला गेलीय. तिलाही कामं असतात."

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःचंच वेल्डिंग कापायला घेतलं. दोन्ही चौकटींत पाइप बांधले, मधोमध जॅक लावून गाडी हळूहळू उचलली. अष्टमीच्या संध्याकाळी डावी बाजू पुरी झाली. डावं दार टक्कन लागलं. उजवीला एक दिवस पुरला असता.

पण तो दिवस खंडेनवमीचा होता.

मामानं धुतलेली ताडपत्री अंथरली. हातोड्या, पकडी, ग्राइंडर, वेल्डिंगचा होल्डर, सगळं ओळीनं मांडलं. हळद, कुंकू, झेंडू. एकदा हत्यारं पूजेला बसली की दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. सोमनाथला हे लहानपणापासून माहीत होतं. गाडीच्या नादात तो विसरला होता.

"मामा, होल्डर तेवढा बाहेर राहू द्या. एकच बाजू राहिलीय."

"तुझ्या आजोबांनी या दिवशी खुरप्याला हात लावला नाय."

"आजोबांना दसऱ्याला कळवणला जायचं नव्हतं."

"त्यांला कुठंच जायचं नव्हतं. म्हणून तर सुखी होते."

मामा गाडीखाली वाकला आणि जॅकलाही कुंकू लावून आला. सोमनाथ दिवसभर गाडीशेजारी बसून राहिला.

दसऱ्याला सकाळी तो बॅग घेऊनच गॅरेजात आला. जॅक काढू नका, रविवारी येऊन उजवी बाजू करतो, एवढं सांगून तो स्टँडवर जाणार होता. मामानं हत्यारं आधीच उचलली होती. उजवीकडचा पाइप कापून बाजूला टाकला होता.

"जा तू निवांत," मामा म्हणाला. "राहिलेलं मी मारतो. शेठ उद्या येतायत." आणि तो जॅकचा दांडा फिरवून गाडी खाली घ्यायला लागला. "हे मधी कडमडतंय. हात कुठून घालू?"

गाडी करकरली. डाव्या दाराची कड वर आली.

सोमनाथनं बॅग खाली ठेवली. मामाच्या हातातून दांडा घेतला आणि गाडी पुन्हा वर उचलली. नवा पाइप बांधला. मामानं होल्डर त्याच्या हातात दिला. मामाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. समाधान होतं.

फोन वाजला.

"गाळेमालक येऊन उभे आहेत," उज्वला म्हणाली. "निघालात ना?"

"दुपारपर्यंत पोचतो. त्यांना म्हणावं..."

"त्यांचा मुहूर्त दुपारपर्यंत थांबत नाही."

मागून कुणीतरी तिला काहीतरी विचारलं. "बरं," ती म्हणाली. ते त्याला की गाळेमालकाला, हे त्याला कळलं नाही.

दुपारी उजवं दार लागलं. माणसं सोनं वाटायला आली, त्याच्या खिशात आपट्याची पानं कोंबून गेली. कळवणचा गाळा मोबाईलवाल्यानं घेतला.

दुसऱ्या दिवशी शेठ आले. दोन्ही दारं उघडून लावून पाहिली, खूश झाले. तळाला खालून गंज न धरणारा रंग तेवढा द्यायचाय, असं मामानं सांगितल्यावर म्हणाले, "होऊ द्या सावकाश."

डाव्या बाजूचा रंग अष्टमीलाच मारून झाला होता. उजवीचं काम अर्ध्या दिवसाचं.

आता दिवाळी होऊन गेली. सोमनाथ टेम्पोची कामं करतो. रविवारी कळवणला जातो, सोमवारी परत येतो. मामा आठवण करतो, तेव्हा "करतो" म्हणतो. रंगाचा डबा गाडीखाली आहे, झाकण उघडलेलं नाही. उजवीकडच्या जोडावर पहाटेच्या दवानं गंजाची बारीक तांबडी रेघ धरली आहे. तिच्यावर एकदा काचकागद घासून रंग मारला की गाडी पुरी होईल. तो त्यानं अजून मारलेला नाही.