टीव्हीला माझा लॅपटॉप दिसेना

माझं शिक्षण झालं ते दीपनगरच्या आबांमुळे. ते वडिलांच्या ओळखीचे, वीज केंद्रात ऑपरेटर होते. भुसावळच्या कॉलेजात मला प्रवेश मिळाला, पण राहायची सोय नव्हती, तेव्हा त्यांनी आणि काकूंनी मला तीन वर्षं आपल्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत ठेवून घेतलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवीपर्यंत पोचलेलं नव्हतं. टर्बाइनच्या आवाजात उभं आयुष्य गेल्यामुळे आबांना आता फोनवरचं नीट ऐकू येत नाही. म्हणून काही सांगायचं असलं की मी त्यांना पत्र लिहितो.

जळगावच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मला वर्ष होत आलं होतं. साहेब म्हणाले होते, "धुळ्याच्या कापूस जिनिंगचं काम तू एकट्याने मिळवून दाखव. मग तुला कायम करू." यंत्रांच्या देखभालीच्या नोंदी ठेवणारं आमचं सॉफ्टवेअर तिथल्या मालकांना दाखवायचं होतं. लॅपटॉपचा पडदा वायरशिवाय टीव्हीवर कसा न्यायचा, ते मी आठवडाभर ऑफिसात करून पाहिलं. रोज जमलं.

धुळ्यात मीटिंगच्या खोलीत मालक होते, त्यांना सगळे नाना म्हणत. सोबत त्यांचे दोन भागीदार. मी बटण दाबलं. लॅपटॉपवर 'शोधत आहे' एवढंच येत राहिलं. टीव्हीचं नाव यादीत येईना.

"वायर नाही का?" मी विचारलं.

"होती," नाना म्हणाले, "उंदरांनी कुरतडली."

मी लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. एक भागीदार घड्याळ बघत म्हणाला, "जळगावहून केळी तरी आणायची होती. खात बसलो असतो."

सगळे हसले, मीही हसलो. पण शर्ट पाठीला चिकटला होता. साहेबांना काय सांगायचं, याची वाक्यं मनात जुळवायला मी लागलो होतो.

तेवढ्यात चहा घेऊन तिथे काम करणाऱ्या अक्का आल्या. खोलीची झाडलोट, टीव्ही चालू-बंद करणं, सगळं त्यांच्याकडेच होतं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, कोन्ता वायफायवर शे तुमना लॅपटॉप?"

"माझ्या मोबाईलच्या."

"मंग कसा दिसी? टीव्ही तं आमना वायफायवर शे. येनारा बठ्ठा पहिले पासवर्ड मांगतस. तुम्ही कसा नही मांगा?"

शिरपूरकडचं माझं गाव. घरी हीच बोली. त्या बोलीत विचारल्यावर मला खोटं बोलता आलं नाही. म्हणालो, "दुसऱ्याकडे गेल्यावर काही मागायचं नाही, असं लहानपणापासून ऐकलंय. पासवर्ड मागायचा संकोच वाटला."

नाना खुर्चीत मागे रेलले. "सॉफ्टवेअर विकायला येतो आणि पासवर्ड मागायला लाजतो. लिहून घे." त्यांनी एकेक अक्षर सांगितलं. लॅपटॉप त्यांच्या वायफायवर जोडताच टीव्हीचं नाव यादीत आलं. टीव्हीवर चार आकडे आले, ते मी लॅपटॉपवर टाकले आणि माझा पडदा भिंतीवरच्या टीव्हीवर उघडला. त्यावर सकाळपासून उघडं राहिलेलं एसटीचं वेळापत्रक होतं, धुळे ते जळगाव.

"पळायच्या तयारीतच आला होता की," तोच भागीदार म्हणाला. या वेळी मी मनापासून हसलो. त्यानंतरचा पाऊण तास कसा गेला ते कळलं नाही. नानांनी पडद्यावरचे आकडे मोठे करायला लावले, तीन-चार अडचणीचे प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाले, "पुढच्या सोमवारपासून बसवा."

परतताना एसटीत खिडकीला डोकं टेकलं आणि पारोळ्यापर्यंत झोपलो. दोन दिवसांनी साहेबांनी कायम केल्याचा कागद हातात दिला. त्याच संध्याकाळी पिंप्राळ्यातल्या खोलीवर बसून पत्र लिहिलं.

"ती. आबांस, सा. न.

मी नोकरीत कायम झालो. धुळ्याचं काम मिळालं. मध्ये गाडी अडली होती, तिथल्या एका अक्कांनी सोडवली. भेटल्यावर सविस्तर सांगेन.

एक कबूल करायचं आहे. तुमच्याकडे होतो तेव्हा काकू 'अजून वाढू का?' विचारायच्या आणि मी 'पोट भरलं' म्हणायचो. बऱ्याचदा ते भरलेलं नसायचं. तुमच्या घरात काही कमी होतं म्हणून नव्हे, मलाच मागता येत नव्हतं.

रविवारी दुपारी येतो. काकूंना सांगा, कळण्याची भाकरी आणि ठेचा करा. मला तीन भाकरी लागतील.

तुमचा,
मागच्या खोलीतला"